रेघ एक की दोन? पाळी लांबल्यावर घरच्या चाचणीचं कधी ऐकायचं

सोमवारी सकाळी चाचणी केली तेव्हा एकच रेघ आली. गुरुवारी पुन्हा केली, तर दोन. किट त्याच कंपनीचं, एकाच दुकानातून आणलेलं, आणि मधल्या तीन दिवसांत नवराबायकोचा संबंधही आलेला नाही. मग सोमवारची पट्टी चुकली होती, की गुरुवारची चुकते आहे? पाळी चार-पाच दिवस लांबली की कितीतरी घरांत हा प्रश्न पडतो, आणि तो मोकळेपणी विचारायला जागा नसते. मूल हवं असतं तिचा जीव त्या दुसऱ्या रेघेकडे लागलेला असतो, नको असतं तिचाही. बाथरूमचं दार लावून, पट्टी उजेडाकडे धरून "ही रेघच आहे ना?" असं निरखत असताना बाई अगदी एकटी असते.

खरं तर दोन्ही दिवशी पट्टीनं बरोबरच उत्तर दिलेलं असतं. आपण तिला विचारतो, "मला दिवस गेलेत का?" ती उत्तर देते वेगळ्याच प्रश्नाचं: आत्ताच्या या लघवीत एक विशिष्ट संप्रेरक ठरावीक प्रमाणाच्या वर आहे का? या दोन प्रश्नांच्या मध्ये काही दिवस जातात. ते का जातात आणि किती जातात, एवढं समजलं तरी बहुतेक गोंधळ मिटतो.

पाळी थांबवणारं आणि पट्टीवर दिसणारं संप्रेरक एकच

पाळीच्या चक्राच्या साधारण मध्यावर बीजकोशातून एक स्त्रीबीज सुटतं. ज्या फोडातून ते सुटलं तो रिकामा फोड वाया जात नाही. तो पिवळसर होतो आणि प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बनवू लागतो. म्हणून त्याला पीतपिंड म्हणतात. प्रोजेस्टेरॉन आहे तोवर गर्भाशयाचं आतलं अस्तर टिकून राहतं. पण पीतपिंडाचं आयुष्य थोडं, साधारण बारा ते चौदा दिवसांचं. ते संपलं की प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तर सुटतं आणि पाळी येते.

गर्भ राहिला तर हे अस्तर सुटून चालणार नाही. म्हणून अस्तरात रुजू लागलेल्या गर्भाच्या बाहेरच्या पेशी, ज्यांच्यापासून पुढे वार तयार होते, एक संप्रेरक सोडू लागतात. त्याचं नाव ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन, म्हणजेच एचसीजी. ते रक्तातून बीजकोशापर्यंत पोचतं आणि पीतपिंडाला जगवतं. प्रोजेस्टेरॉन चालू राहतं, अस्तर टिकतं, पाळी येत नाही. हेच एचसीजी मूत्रपिंडातून लघवीत उतरतं आणि पट्टीवर दिसतं.

यातून एक फार उपयोगाची गोष्ट हाती लागते. पाळी गर्भामुळेच थांबली असेल, तर एचसीजी अंगात आलेलंच असणार, कारण त्याच्याशिवाय ती थांबली नसती. पहिले दोन-चार दिवस ते पट्टीला पकडता येण्याइतकं नसेल, पण फार काळ लपून राहू शकत नाही.

रुजायलाच आठवडा जातो

संबंध आला त्या रात्रीच दिवस जातात, अशी आपली साधारण समजूत असते. प्रत्यक्षात शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत बीजाची वाट पाहत जिवंत राहू शकतात. स्त्रीबीज मात्र सुटल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं. दोघांची गाठ पडते ती गर्भनलिकेत. तिथून तयार झालेला गर्भ विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकतो आणि मग अस्तरात रुजू लागतो. तोपर्यंत एचसीजीचा थेंबही आईच्या रक्तात आलेला नसतो. त्या दिवसांत जगातली सगळ्यात महागडी चाचणी केली, तरी ती 'नाही' असंच सांगेल.

रुजायला नेमके किती दिवस लागतात, याचं उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. मूल होऊ द्यायचं ठरवलेल्या २२१ स्त्रियांनी रोज सकाळची लघवी साठवून त्यांना दिली होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, टिकलेल्या गर्भधारणांमध्ये बीज सुटल्यापासून सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान एचसीजी पहिल्यांदा दिसलं, आणि त्यांतल्या ८४ टक्क्यांमध्ये ते आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी दिसलं. म्हणजे दोन बायकांचं बीज एकाच दिवशी सुटलं तरी एकीचं एचसीजी दुसरीपेक्षा चार-पाच दिवस उशिरा सुरू होऊ शकतं. दोघींच्याही प्रकृतीत काही खोट नसते.

याच गटानं २००१ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पाळी यायला हवी होती त्या पहिल्या दिवशी सुमारे १० टक्के गर्भ अजून रुजलेलेच नसतात. पाळीची तारीख उलटून आठवडा झाला की जवळजवळ ९७ टक्के गर्भधारणा ओळखता येण्याच्या टप्प्यात येतात. किटच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत '९९ टक्के अचूक' असं छापलेलं असतं. ते पुरेसं एचसीजी असलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळेत मिळालेलं यश असतं. पाळी एकच दिवस लांबलेली बाई त्या आकड्यावर विसंबून राहिली तर तिची दिशाभूल होते. माझ्या मते त्या आकड्याशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत 'आठवडाभर थांबून पुन्हा करा' हे छापायला हवं.

दर दोन दिवसांनी दुप्पट

रुजल्यानंतर एचसीजी झपाट्यानं वाढतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ते साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. आता किटच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक किटवर '२५ एमआययू प्रति एमएल' असं लिहिलेलं असतं. एका मिलिलिटर लघवीत निदान २५ मिलि-एकक एचसीजी असलं तरच पट्टी ते हमखास ओळखेल, असा त्याचा अर्थ. काही किट दहालाच ओळखतात.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, बीज सुटल्याच्या दहाव्या दिवशी लघवीत ५ मिलि-एकक एचसीजी आहे आणि ते दर दोन दिवसांनी दुप्पट होतं आहे. बाराव्या दिवशी १०, चौदाव्या दिवशी २०, सोळाव्या दिवशी ४०. पाळीची तारीख चौदाव्या दिवसाच्या आसपास येते. त्या दिवशी केलेली चाचणी एक रेघ दाखवेल, दोन दिवसांनी केलेली दोन. सोमवार आणि गुरुवारचं कोडं ते हेच.

रात्री दुधाला विरजण लावलं आणि तासाभरानं झाकण काढून पाहिलं, तर दूध पातळच असतं. विरजण लागलं नाही, असं त्यावरून कुणी म्हणत नाही. ते सकाळीच कळतं, आणि सकाळीही दूध पातळच राहिलं असेल तर मात्र लागलं नाही हे नक्की. घरच्या चाचणीचंही तसंच आहे. लवकर आलेल्या 'नाही'ला फार अर्थ नसतो, पुरेसा वेळ दिल्यावर आलेल्या 'नाही'ला असतो.

सकाळची पहिली लघवी वापरा असं सांगतात, त्याचं कारणही यातच आहे. रात्रभर पाणी प्यालेलं नसतं, लघवी दाट असते आणि थोडंसं एचसीजीही तीत एकवटतं. चाचणी करायची म्हणून तांब्याभर पाणी पिऊन केलेली पातळ लघवी सुरुवातीच्या दिवसांत फसवू शकते. पाळी दोन-तीन आठवडे लांबलेली असेल तर सकाळचा आग्रह धरायचं कारण नाही, तोवर एचसीजी हजारांत गेलेलं असतं.

त्या छोट्या खिडकीत काय घडतं

आपल्याकडे बहुतेक दुकानांत मिळतं ते प्लॅस्टिकचं चपटं किट, सोबत एक ड्रॉपर आणि ओलावा शोषणारी पुडी. किटवर एका टोकाला गोल खळगा असतो, त्याजवळ 'एस' लिहिलेलं असतं. मधल्या लांबट खिडकीवर 'टी' आणि 'सी'. खळग्यात दोन-तीन थेंब टाकले की काही सेकंदांत खिडकीत गुलाबी ओल पुढे सरकताना दिसते. नीट पाहिलंत तर तिची कड गडद असते आणि मागची पट्टी हळूहळू पुन्हा पांढरी होत जाते.

तो गुलाबी रंग सोन्याचा असतो. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तांबडे दिसतात. खळग्याजवळच्या भागात असे कण सुकवून ठेवलेले असतात आणि प्रत्येक कणावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. प्रतिपिंड म्हणजे एका ठरावीक पदार्थालाच धरणारं प्रथिन. हे प्रतिपिंड एचसीजीला धरतं. लघवीत एचसीजी असेल तर ते कणांसकट पुढे वाहत जातं. 'टी'पाशी दुसरं प्रतिपिंड पट्टीवर पक्कं बसवलेलं असतं, ते त्याच एचसीजीला दुसऱ्या बाजूनं धरतं. सोन्याचे कण तिथे अडकून साठतात आणि रेघ उमटते. एचसीजी नसेल तर कण तिथून सरळ पुढे जातात.

'सी'पाशी एचसीजीचा संबंधच नसतो. उरलेल्या कणांवरच्या प्रतिपिंडांना धरणारं प्रतिपिंड तिथे असतं. ओल शेवटपर्यंत पोचली आणि आतला माल खराब झालेला नाही, एवढंच ती रेघ सांगते. 'सी' उमटली नाही तर किट बाद, मग 'टी'वर काहीही दिसो. पण 'सी' उमटली म्हणजे चाचणी योग्य दिवशी केली असं सिद्ध होत नाही. साधं पाणी टाकलं तरी 'सी' येऊ शकते.

प्रतिपिंडं उष्णतेला आणि ओलाव्याला नाजूक असतात. बहुतेक किट ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायला सांगतात. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात वर्षभर पडलेलं किट, किंवा कोकणातल्या पावसाळ्यात पाकीट फोडून बाथरूममध्ये ठेवलेलं किट, यांवर भरवसा ठेवू नये. मुदत पाहावी आणि पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावं.

क्वचित उलटा प्रकारही होतो. एचसीजी प्रचंड वाढलेलं असलं, की कणांवरची आणि 'टी'वरची प्रतिपिंडं वेगवेगळ्या एचसीजीनंच भरून जातात. दोघांना जोडणारा दुवा बनत नाही आणि दिवस वर गेलेले असूनही रेघ पुसट येते किंवा येतच नाही. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या पेशींचीच बेसुमार वाढ होते त्या विकारात, असं घडू शकतं. म्हणून अडीच-तीन महिने पाळी नाही, मळमळ आहे, पोट जड वाटतं आणि पट्टी 'नाही' म्हणते, अशा बाईनं पट्टीपाशी थांबू नये, सोनोग्राफी करून घ्यावी.

उंदरापासून पट्टीपर्यंत

ही चाचणी घरात येण्याआधी प्राण्यांच्या जिवावर चालायची. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये अशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी वयात न आलेल्या उंदराच्या मादीला टोचून पाहिली. काही दिवसांनी उंदीर मारून बीजकोश तपासायचे, त्यांत बदल दिसला तर बाई गरोदर. पुढे दक्षिण आफ्रिकेत लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या कामातून बेडकाची चाचणी आली. मादी बेडकाला लघवी टोचली आणि तिनं दिवसभरात अंडी घातली, तर उत्तर 'हो'. निदान बेडूक तरी जिवंत राहायचा.

प्राण्यांवर हा परिणाम होतो, कारण एचसीजी हे बीज सोडायला लावणाऱ्या एलएच या संप्रेरकासारखं असतं. दोन्ही रेणू दोन-दोन भागांचे, आणि त्यांतला अल्फा हा भाग अगदी सारखा. या सारखेपणामुळे जुन्या चाचण्या एलएचलाच एचसीजी समजून बसत. १९७२ साली अमेरिकेतल्या जुडिथ वैतुकाइटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फक्त दुसरा, म्हणजे बीटा भाग ओळखणारी रक्ततपासणी तयार केली. लॅबच्या रिपोर्टवर आजही 'बीटा एचसीजी' असं लिहितात ते त्यामुळे.

घरच्या किटची कल्पना मार्गारेट क्रेन या तरुण डिझायनरची. १९६७ साली ऑर्गनॉन या औषध कंपनीत काम करत असताना प्रयोगशाळेतल्या नळ्यांची रांग पाहून, हे तर बाईला घरीही करता येईल, असं तिच्या मनात आलं. बायकांनी डॉक्टरला वगळून हे स्वतः जाणून घ्यावं का, यावरच तेव्हा वाद झाले. तिचं किट १९७१ साली कॅनडात विकायला आलं, त्याला दोन तास लागायचे. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची रीत शोधली आणि १९८८ पर्यंत आजच्यासारखी मिनिटांत उत्तर देणारी पट्टी बाजारात आली.

'पाळी लांबली' हे कोणत्या तारखेवरून ठरवायचं?

सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथे दिसतं. आपण दिवस मोजतो मागच्या पाळीपासून, आणि एचसीजी चालतं बीज सुटल्याच्या दिवसापासून. बीज सुटल्यानंतरचे दिवस बहुतेक बायकांत बारा ते चौदाच्या आसपास असतात. त्याआधीचे मात्र दर महिन्याला कमीजास्त होतात. ताप, परीक्षा, रात्रपाळी, लांबचा प्रवास, झपाट्यानं उतरलेलं वजन, घरातलं मोठं दुःख यांपैकी काहीही बीज सुटणं पुढे ढकलू शकतं.

एखादीची पाळी दर २८ दिवसांनी येते. या खेपेला चक्राच्या सुरुवातीला तिला टायफॉइड झाला आणि बीज चौदाव्याऐवजी एकविसाव्या दिवशी सुटलं. तिची पाळी आता पस्तिसाव्या दिवशी येणार. पण तिच्या कॅलेंडरवर अठ्ठाविसावा दिवस उलटला, तिसाव्या दिवशी तिनं चाचणी केली, एक रेघ आली. बीज सुटून अजून नऊच दिवस झालेत! दिवस गेले असतील तरी ते दिसायची वेळ आलेली नाही. गेले नसतील तर पाळी यायलाही अजून अवकाश आहे. तिच्या शरीराच्या लेखी काहीच लांबलेलं नाही.

पीसीओडी हा बीजकोशांचा विकार असलेल्या मुलींचं तर अवघड असतं, त्यांना ठरलेली तारीखच नसते. बीज कधी दीड महिन्यानं सुटतं, कधी तीन. थायरॉइडचा विकार आणि प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचं वाढलेलं प्रमाण यांतही असंच होतं. बाळ अंगावर पीत असेल तर बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटू शकतं. म्हणून 'पाळीच सुरू नाही, दिवस कसे जातील?' हा हिशेब चुकतो. सरकारी दवाखान्यात मिळणारं 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलेल्या बाईची पाळी अनियमित होते किंवा बंदही होते, तो औषधाचा परिणाम असतो.

आपल्याकडे भाद्रपदात हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे गौरी-गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. लग्नसराईतही त्या चालतात. त्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. पीतपिंड थांबला तरी अस्तर टिकतं ते गोळीच्या जोरावर. गोळी बंद केल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. आठवडा उलटूनही आली नाही तर चाचणी करावी, कारण पाळी ढकलण्यासाठी घेतलेल्या या गोळ्यांना गर्भनिरोधक धरता येत नाही. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळीही मुळात बीज सुटणंच लांबवते, त्यामुळे त्या महिन्याची पाळी मागेपुढे होते. यांपैकी कुठलीही गोळी चाचणीचा निकाल मात्र बदलत नाही.

मग ज्यांच्या पाळीला तारीख नाही त्यांनी काय धरून चालावं? शेवटचा असुरक्षित संबंध. शुक्राणू जास्तीत जास्त पाच दिवस थांबले, रुजायला जास्तीत जास्त बारा दिवस लागले, आणि एचसीजी वाढायला तीन-चार दिवस दिले, तर एकवीस दिवस होतात. शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर पूर्ण तीन आठवड्यांनी नीट केलेल्या चाचणीत एकच रेघ आली, तर त्या संबंधातून दिवस गेलेले नाहीत असं धरायला हरकत नाही. कॅलेंडरवर पाळीच्या तारखेबरोबर हीसुद्धा तारीख नोंदवून ठेवावी.

चौकट: चाचणी करताना
• पाळी नियमित असेल तर तारीख उलटल्यावर आठवड्यानं केलेली चाचणी सर्वांत भरवशाची. आधी केली आणि एक रेघ आली तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा.
• पाळी अनियमित असेल तर शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस मोजा.
• सकाळची पहिली लघवी, कोरडं स्वच्छ भांडं, किटमधलाच ड्रॉपर, सांगितले तेवढेच थेंब.
• घड्याळ लावा. निकाल किटवर दिलेल्या वेळेतच वाचा, बहुधा पाच मिनिटांनी. त्यानंतर जे उमटेल ते धरू नका.
• 'सी' नसेल तर किट बाद.
• साखर, मीठ, टूथपेस्ट, खायचा सोडा यांवर लघवी टाकून काहीही कळत नाही. फेस येतो तो लघवीतल्या आम्लामुळे.

पुसट रेघ

दिलेल्या वेळेत 'टी'पाशी गुलाबी रंगाची रेघ आली, मग ती कितीही फिकट असो, तर उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. एचसीजी उंबरठ्याच्या आसपास आहे, एवढाच त्या फिकटपणाचा अर्थ. अर्ध्या तासानं कचऱ्यातून उचलून पाहिलेल्या पट्टीवर जी करडी, रंगहीन खूण दिसते, ती लघवी वाळताना उरलेली रेघ असते. रंग आहे की नाही हे ठरेना, तर दोन दिवस थांबून नव्या किटनं पुन्हा करावं. एचसीजी खरं असेल तर तेवढ्या वेळात ते दुपटीच्या घरात जातं. रोज सकाळी नवं किट फोडून गडदपणा ताडून पाहण्यात अर्थ नाही, लघवी किती दाट यावरही तो बदलतो.

पुसट रेघ आली आणि चार दिवसांनी पाळी आली, असंही होतं. गर्भ रुजला आणि लगेच थांबला. विलकॉक्स यांच्याच अभ्यासात २२ टक्के गर्भधारणा डॉक्टरांना कळण्याआधीच अशा संपल्या होत्या. पूर्वी बायकांना हे कळतही नसे, पाळी जरा उशिरा आली एवढंच वाटे. आता लवकरच्या चाचण्यांमुळे ते कळतं आणि दुःख होतं. त्या दुःखाला 'एवढं काय त्यात' असं कुणी म्हणू नये. मात्र दगदग केली, जिने चढले, पपई खाल्ली म्हणून असं झालं, हा दोष बाईनं स्वतःला लावून घेऊ नये आणि सासूबाईंनीही लावू नये. इतक्या लवकर थांबलेले बरेचसे गर्भ गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे थांबतात.

गर्भ नसताना दोन रेघा येण्याची कारणं मोजकीच आहेत. वंध्यत्वाच्या उपचारात बीज सोडण्यासाठी एचसीजीचंच इंजेक्शन देतात. ते अंगातून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात, तोवर पट्टी इंजेक्शनच दाखवते. बाळंतपण, गर्भपात किंवा गर्भपाताच्या गोळ्या यांनंतर काही आठवडे एचसीजी रेंगाळतं. म्हणून गोळ्या घेतल्यावर आठवड्याभरातच घरी चाचणी करून 'गर्भपात झालाच नाही' असं ठरवू नये, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी तपासणीला जावं. काही दुर्मिळ गाठींमध्येही एचसीजी तयार होतं.

थांबायचं नाही, अशी वेळ

रक्तातली बीटा एचसीजी तपासणी आकडा देते. बहुतेक लॅबमध्ये ५च्या खालचा आकडा म्हणजे गर्भ नाही. मधलाच आकडा आला तर डॉक्टर ४८ तासांनी पुन्हा रक्त घेतात, कारण एकट्या आकड्यापेक्षा तो चढतो कसा यावरून जास्त कळतं.

पट्टी एक गोष्ट मुळीच सांगू शकत नाही, ती म्हणजे गर्भ कुठे रुजला आहे. तो गर्भनलिकेतच अडकला तरी एचसीजी तयार होतं आणि दोन रेघा येतात. अशी नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. पाळी लांबलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखणं, थोडं थोडं रक्त जाणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, खांद्याच्या टोकाशी दुखणं, यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नये, रेघ एक असो की दोन, लगेच दवाखाना गाठावा. याच कारणासाठी मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गर्भपाताच्या गोळ्या आणून घेऊ नयेत. नलिकेतला गर्भ त्या गोळ्यांनी जात नाही, आणि त्यांमुळे होणाऱ्या रक्तस्रावात हे दुखणं झाकून जातं.

वेळ देऊन केलेल्या चाचणीत वारंवार एकच रेघ येते आणि पाळीही येत नाही, तेव्हा पपई, गूळ-तीळ खाऊन पाळी 'आणण्याच्या' मागे न लागता थायरॉइड-प्रोलॅक्टिनची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. तीन महिने पाळी न येणं हे गर्भ नसला तरी तपासून घेण्यासारखंच लक्षण आहे.

दोन रेघा आल्यावर

गावात आशाताईंकडे 'निश्चय' नावाचं किट मोफत मिळतं. शहरात औषधांच्या दुकानात असं किट विकत मिळतं. दोन रेघा आल्या तर डॉक्टरांना तीन गोष्टी सांगाव्यात: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, नेहमीचं चक्र किती दिवसांचं, आणि चाचणी कोणत्या दिवशी केली. गर्भाचं वय शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणून पाळी आठवडाभरच लांबलेली असताना 'पाच आठवडे झालेत' असं ऐकून दचकू नये. मूल हवं असेल तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी लगेच सुरू करावी, बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा याच आठवड्यांत घडतो.

मूल नको असेल तर कायदा बाईच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली सुधारणा झाली. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्यामुळे दिवस गेले असतील, तर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो, आणि त्यासाठी बाईचं लग्न झालेलं असण्याची अट आता नाही. अठरा वर्षांवरच्या बाईला तिची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ते फोडलं तर एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.